रिफ्यूज्ड आलं? पेढे वाटा!

'डेटाबेसला कनेक्ट होत नाहीये' म्हटलं की पलीकडून ठरलेलं उत्तर येतं, 'पोर्ट ओपन आहे, आमच्या बाजूने सगळं ओके.' आणि वर फुकटचा सल्ला, 'पिंग करून बघा ना!'

अहो, पिंग चालतं आयसीएमपीवर, म्हणजे नेटवर्कच्या नुसत्या निरोपांवर. त्यात पोर्ट, म्हणजे सर्व्हरचा क्रमांक घातलेला दरवाजा, हा प्रकारच नसतो. वाडा जागेवर आहे एवढं कळलं. स्थळ चालून जाईल का, ते नाही. मला हवाय ५४३२, पोस्टग्रेस डेटाबेसचा पोर्ट.

टेलनेट या जुन्या कमांडने पोर्टचं कळतं, पण लागलं की काळा पडदा, आणि बाहेर पडायला कंट्रोल आणि चौकटी कंस ही जोडी आठवायची. विंडोजवर तर ते मुळात बंदच असतं. तिथे पॉवरशेलचं टेस्ट-नेटकनेक्शन बरं. लिनक्सवर माझा भरवसा एनसी, म्हणजे नेटकॅट कमांडवर: 'एनसी -झेडव्ही -डब्ल्यू ३', पुढे होस्ट, पुढे पोर्ट. झेड म्हणजे नुसतं विचारून ये, पाटावर बसू नकोस. व्ही म्हणजे काय झालं ते सांग. डब्ल्यू ३ म्हणजे तीन सेकंदच थांब. हे विसरलात, तर लिनक्स पुन्हा पुन्हा विचारत दोनेक मिनिटं ताटकळतं.

'कनेक्शन रिफ्यूज्ड' वाचून नवखे हबकतात. मला हायसं वाटतं. 'पत्रिका जुळत नाही' असं तोंडावर सांगणारी माणसं हल्ली मिळतात कुठे? पॅकेट पोचलं, पलीकडून आरएसटी, म्हणजे 'नको' असा निरोप, आला. म्हणजे बहुतेक वेळा रस्ता मोकळा, फक्त त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही. सर्व्हरवर जाऊन 'सुडो एसएस -टीएलएनपी' मारा, कुठल्या पोर्टवर कोण ऐकतंय ते दिसतं. ५४३२ समोर नुसतं १२७.०.०.१, म्हणजे मशीनचा स्वतःपुरता पत्ता, दिसलं की चोर सापडला: पोस्टग्रेस मुळात घरातल्यांशीच बोलतो. त्याचं लिसन-अॅड्रेसेस हे सेटिंग बदला आणि रीस्टार्ट करा. नुसतं रीलोड केलंत तर ढिम्म हलणार नाही.

यूडीपी, म्हणजे कनेक्शन न जोडताच पॅकेट धाडायची पद्धत, तिची तऱ्हा उलटी. '-यू' लावलं की एनसी गप्प बसण्यालाच होकार समजतं आणि 'सक्सीडेड' छापून मोकळं होतं. नावावरून पत्ता सांगणारा डीएनएस बघायचा तर सरळ डिग कमांडने एखादं नाव विचारा.

खरा छळ 'टाइम्ड आउट'चा. हे 'कळवतो' म्हणून गेलेलं स्थळ. बहुतेक वेळा मधल्या फायरवॉलने, म्हणजे नेटवर्कच्या राखणदाराने, पॅकेट गिळलेलं असतं, ढेकरही न देता. आउटपुट चिकटवून फायरवॉलवाल्यांना मेल टाकावी. दहा मिनिटांत उत्तर येतं, 'आम्ही काहीच बदललेलं नाही. आता बघा.'

बघितलं. सक्सीडेड.