‘बेवारस बोटीचं इंजिन ज्याला सापडेल त्याचं’ हा मेसेज पुढे ढकलण्याआधी हे वाचा

परवा रात्री साडेदहाला भाच्याचा मेसेज आला, "मामा, दोरी ओढून बघू का?" सोबत फोटो. वाळूत कुशीवर पडलेली फायबरची छोटी बोट आणि तिच्या पाठीला १५ हॉर्सपॉवरचं आऊटबोर्ड इंजिन. बोट सकाळी किनाऱ्याला लागली, आत कोणी नाही, संध्याकाळपर्यंत कोणी विचारायला आलं नाही, म्हणून हा आणि याचा मित्र पाना घेऊन तिथे पोचले. आणि हे सुचलं कुठून तर फिरत असलेला तो फॉरवर्ड, ‘किनाऱ्याला लागलेल्या बोटीतून फुकट मोटर कशी मिळवाल’. मी तो आधी दोनदा बघून सोडून दिला होता. आता घरातलाच पोरगा त्याच्यावर विश्वास ठेवून अंधारात पाना फिरवतोय म्हटल्यावर गप्प बसवत नाही. गेली १९ वर्षं मी हीच इंजिनं उघडतोय, त्यामुळे जे माहीत आहे ते लिहितो.

फॉरवर्ड ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. त्यात म्हटलंय की समुद्राच्या कायद्याने सोडून दिलेली बोट पहिल्यांदा पोचेल त्याची होते. कोणाला कळवू नका, कळवलं की जप्त होते. टाकीतलं पेट्रोल वाळूत ओतून द्या. इंजिन दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा, गंज काढायचा स्प्रे मारा, दोरी ओढा, सुरू होतं. मग जमिनीवरच पाच मिनिटं चालवून खात्री करा. आणि शेवटी नंबरची पट्टी घासून टाका.

आधी ‘कोणाला कळवू नका’ हेच घेतो, कारण सगळ्यात वाईट हेच आहे आणि बाकी सगळं यापुढे किरकोळ आहे.

रिकामी बोट किनाऱ्याला लागली याचा पहिला अर्थ ‘मोटर मिळाली’ असा होतच नाही. पहिला प्रश्न हा की बोटीतला माणूस कुठे आहे? कदाचित बोट नांगरावरून सुटून वाहत आली असेल आणि मालक घरी झोपला असेल. पण कदाचित तो पाण्यात असेल, अजून तरंगत असेल, आणि त्याला शोधणाऱ्यांना तो गायब आहे हेच अजून कळलेलं नसेल. बोट कुठे लागली, किती वाजता दिसली, वारा आणि प्रवाह कसा होता, यावरून शोध घेणारे उलटा हिशोब मांडतात की ती साधारण कुठून वाहत आली असेल. तुम्ही दोन दिवस गप्प बसलात म्हणजे त्या माणसाचे दोन दिवस गेले. पाण्यात पडलेल्या माणसाकडे दोन दिवस नसतात हो.

आणि दुसरं म्हणजे त्या इंजिनावर सगळं लिहिलेलं असतं, वाचता यायला हवं. चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा लाइफजॅकेटला अडकवायची ती लाल गुंडाळीची दोरी असते ना, किल स्विचची, म्हणजे माणूस पडला की इंजिन बंद करणाऱ्या स्विचची, तिची क्लिप स्विचवरून निघालेली असेल तर माणूस झटक्याने बाहेर फेकला गेला असण्याची शक्यता आहे. क्लिप जागेवर, गिअर पुढे, थ्रॉटल उघडं आणि टाकी कोरडी असेल तर चालवणारा आधीच पडला आणि इंजिन पेट्रोल संपेपर्यंत एकटंच पळत राहिलं, असं असू शकतं. इंजिन वर टिल्ट केलेलं, गिअर न्यूट्रलला आणि नांगराची दोरी झिजून पिंजून तुटलेली असेल तर बोट रिकामीच सुटलेली दिसते. दोरी चाकूने कापल्यासारखी सरळ असेल तर चोरीचा संशय. यातलं एकटं काहीच पक्का पुरावा नाही, पण सगळं मिळून शोध कुठे आणि किती घाईने घ्यायचा हे ठरतं. तुम्ही गिअर हलवला, क्लिप खिशात घातली, टाकी उपसली, इंजिन उतरवलं की हे सगळं पुसलं गेलं. म्हणून फॉरवर्ड लिहिणाऱ्याला माझं थेट सांगणं आहे की तुझ्या या एका ओळीने कोणाचा तरी जीव जाऊ शकतो, ती काढ.

हात लावण्याआधी करायचं ते एवढंच. लांबून फोटो काढा, दोरीचं टोक, गिअरची स्थिती, क्लिप आणि बोटीवरचा नंबर नीट दिसेल असे. वेळ आणि जागा लिहून ठेवा. कोस्टगार्डला नाहीतर पोलिसांना फोन करा. लाट बोट परत ओढून नेत असेल आणि धोका नसेल तर फार तर दोरीने वर बांधा, बाकी नाही.

आता कायद्याचं. ‘सापडेल त्याचं’ असा समुद्राचा कायदा नाही. समुद्रात संकटात सापडलेली मालमत्ता वाचवण्याबद्दल आंतरराष्ट्रीय करार आहे, १९८९ चा सॅल्व्हेज करार, लंडनला झाला आणि १९९६ पासून लागू आहे. तो वाचा, फार मोठा नाही. त्यात कुठेही वाचवणारा मालक होतो असं लिहिलेलं नाही. कलम १२ म्हणतं की वाचवण्याचा उपयोग झाला तर मोबदल्याचा हक्क मिळतो. कलम १३ सांगतं की मोबदला ठरवताना मालाची किंमत, धोका, कौशल्य, मेहनत बघायची, आणि तो वाचवलेल्या मालाच्या किमतीच्या वर जाऊ शकत नाही. वस्तू मालकाचीच राहते. आणि कलम १८, हे या फॉरवर्डसाठीच लिहिल्यासारखं आहे, वाचवणाऱ्याने फसवणूक किंवा अप्रामाणिकपणा केला तर त्याचा मोबदला पूर्ण किंवा काही प्रमाणात काढून घेता येतो. म्हणजे नंबर घासलात की जे हक्काने मिळू शकलं असतं तेही घालवलंत. शिवाय या कराराला ‘धोक्यात असलेली’ मालमत्ता लागते. कोरड्या वाळूत स्थिर पडलेल्या बोटीचं इंजिन पान्याने उतरवण्यात तुम्ही ते कशापासून वाचवलंत?

यात अर्धं खरं आहे तेवढं मान्य करतो. काही देशांत शेवटी वस्तू सापडणाऱ्याकडे राहू शकते. ब्रिटनच्या कायद्यात सापडलेली वस्तू २८ दिवसांत ‘रिसीव्हर ऑफ रेक’ नावाच्या अधिकाऱ्याला कळवायची, मालकाला दावा करायला एक वर्ष मिळतं, आणि कोणीच आलं नाही तर बऱ्याचदा मोबदल्याऐवजी ती वस्तूच सापडणाऱ्याला देतात. पण हे कळवणाऱ्याला मिळतं. न कळवणाऱ्याला दंड आहे, त्याचा मोबदल्याचा हक्क जातो आणि वस्तूच्या दुप्पट किंमत भरावी लागू शकते. म्हणजे ‘कळवू नका’ हा सल्ला मोटरच्या लोभानेसुद्धा चुकीचाच आहे. २००७ मध्ये इंग्लंडच्या ब्रॅन्सकम किनाऱ्याजवळ एमएससी नेपोली हे कंटेनरचं जहाज अडकलं तेव्हा हेच झालं, वाळूवर आलेल्या कंटेनरमधून लोकांनी बीएमडब्ल्यूच्या नव्या मोटरसायकली ढकलत नेल्या, सगळ्यांना वाटलं समुद्राने दिलं, आणि मग त्यांना सांगावं लागलं की हे कळवा नाहीतर गुन्हा आहे.

‘सोडून दिलेली’ हा शब्द पण जरा जपून वापरा. मालकाच्या हातून सुटलेली आणि मालकाने सोडलेली यात फरक आहे. जपानच्या २०११ च्या त्सुनामीत रिकुझेनताकाता गावातल्या शाळेची कामोमे नावाची बोट वाहून गेली आणि दोन वर्षांनी, २०१३ मध्ये, पॅसिफिक ओलांडून कॅलिफोर्नियाच्या क्रेसेंट सिटीला लागली, सगळी शिंपल्यांनी भरलेली. बघणाऱ्याला ती शंभर टक्के बेवारस वाटली असती. तिथल्या शाळेतल्या पोरांनी ती घासून साफ केली आणि त्याच वर्षी ती जपानला परत गेली. दोन वर्षं आणि एक अख्खा महासागर मधे असूनही ती बोट त्या शाळेचीच होती, आणि इथे बारा तासांत लोक बेवारस ठरवून मोकळे होतात. आणि मालकाने विम्याचे पैसे घेतले असतील तर हक्क विमा कंपनीकडे गेलेला असू शकतो, तरी तुमच्याकडे येत नाही.

आता माझ्या धंद्याचा मुद्दा, उन्हात वाळवायचा. हे वाचून मला खरंच राग आला, कारण मालकाने कायदेशीर परत आणलेली इंजिनं पण लोक याच समजुतीने मारतात.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. उन्हात पाणी उडून जातं, मीठ आतच बसतं, आणि मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणजे ते इंजिन आतून कधी नीट सुकतच नाही. दुसरी गोष्ट लोकांना पटत नाही पण खरी आहे, इंजिन पाण्याखाली असताना त्याला ऑक्सिजन कमी मिळतो, खरा गंज बाहेर काढल्यावर धावतो. हवा, मीठ आणि ओल एकत्र आली की क्रँकची, म्हणजे आतल्या मुख्य फिरत्या दांड्याची बेअरिंगं काही तासांत खराब व्हायला लागतात. दोन-तीन दिवस उन्हात ठेवलेलं इंजिन माझ्याकडे येतं तेव्हा पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या असतात, बेअरिंगवर तांबडे डाग, कार्बोरेटरमध्ये पांढरं पीठ.

करायचं ते बरोबर उलट. बाहेर काढल्याबरोबर गोड्या पाण्याने आतबाहेर धुवायचं, आणि लगेच उघडता येत नसेल तर गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवूनच ठेवायचं. हो, परत पाण्यात. मग काम करायला बसल्यावर स्पार्क प्लग काढायचे, प्लगची भोकं खाली येतील असं इंजिन वळवायचं, पाणी निथळू द्यायचं, फ्लायव्हील, म्हणजे क्रँकवरचं जड चाक, हाताने हळू फिरवायचं. कुठे अडलं किंवा वाळूची करकर आली तर तिथेच थांबून इंजिन उघडायचं, जोर करायचा नाही. सिलेंडरमध्ये तेल घालायचं, कार्बोरेटर आणि पेट्रोलची लाइन रिकामी करायची, फोर स्ट्रोक असेल तर इंजिन ऑइल दोन-तीनदा बदलायचं, दुधाळ रंग जाईपर्यंत. आणि हे सगळं काही तासांत, दिवसांत नाही.

प्लग न काढता दोरी ओढणं तर सगळ्यात घातक. सिलेंडरमध्ये पाणी असेल तर पाणी दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. पिस्टन वर येतो, पाण्याला अडतो आणि त्याला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. हाताने ओढलंत तर मनगटाला हिसका बसून निभावेल, बॅटरीवर स्टार्टर मारलात तर रॉड गेलाच समजा. भाच्याने विचारलं होतं ते नेमकं हेच.

स्प्रेचं म्हणाल तर तो वायरींच्या जोडांवर आणि बाहेरच्या नटबोल्टवर चांगला, मी पण वापरतो. आतलं मीठ त्याने निघत नाही.

जमिनीवर पाच मिनिटं चालवायचं? इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारा पंखा, पाण्यानेच ओला राहतो, कोरडा फिरला तर अर्ध्या मिनिटात जळू शकतो आणि मग इंजिन गरम होऊन जाम. खालून पाणी घेणाऱ्या जाळीवर रबरी कप लावून नळी जोडा नाहीतर पिंपात उभं करा.

पेट्रोल वाळूत ओतायचं हे तर बोलायला नको, पण एक सांगतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, बोटीच्या तळात साठून राहते आणि ठिणगीची वाट बघते. तिथे वाकून बॅटरीची वायर ओढणं किंवा मोबाइलच्या उजेडात सिगारेट पेटवणं म्हणजे काय ते समजून घ्या. समुद्राचं पाणी बॅटरीत शिरलं असेल तर क्लोरीन वायू पण निघतो. आणि ४० हॉर्सपॉवरचं इंजिन ७० ते १०० किलोचं असतं, कुशीवर पडलेल्या बोटीवरून शेवटचा बोल्ट सुटताना ते कोणाच्या पायावर येईल सांगता येत नाही.

नंबरची पट्टी घासायची, यावर काय लिहायचं. ज्याला इंजिन स्वतःचं वाटतं त्याला नंबर घासावासा वाटत नाही. आणि काही कंपन्या तोच नंबर ब्लॉकवरच्या छोट्या गोल झाकणावर पण ठोकतात, घासलेली पट्टी बघून मेकॅनिक पहिल्यांदा तिकडेच बघतो. मी तसं इंजिन दुकानात घेत नाही.

भाच्याला मी त्या रात्री एवढंच म्हटलं, पाना खाली ठेव आणि फोटो मोठा करून पाठव. इंजिन वर टिल्ट केलेलं होतं, गिअर न्यूट्रलला, दोरीचं टोक पिंजलेलं. बोट रिकामीच सुटली असणार असं वाटलं, तरी फोन करायला लावला, कारण फोटो बघून मी कोणाच्या जिवाची खात्री देऊ शकत नाही. पाऊण तासात उलटा फोन आला, दोन बंदरं पलीकडच्या एका माणसाची बोट होती, आदल्या रात्रीच्या वाऱ्यात सुटलेली, तो दिवसभर दुसऱ्या दिशेला शोधत होता. सकाळी तो स्वतः आला. लाटांनी बोट भरली होती आणि इंजिन पाण्याखाली गेलं होतं, म्हणून भाच्याने त्याला गोड्या पाण्याचं पिंप भरून दिलं. इंजिन आता माझ्या टेबलावर आहे. क्रँक मोकळा फिरतोय, खालच्या गिअरबॉक्सचं तेल दुधाळ निघालं, सील बदलायला टाकलंय.