जेवायला जाताय? मग हातात सिगरेट असू द्या

नवीन नोकरी लागली ना? अभिनंदन. आता दुपारी एकला भूक लागायची शाळेतली खोड तेवढी मोडा. बाकी सगळं जमेल.

कोणी जाणकार मित्र सांगेल की जेवणाची सुट्टी हा तुमचा हक्क आहे. त्याच्याशी वाद घालू नका, त्याचं बरोबर आहे. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाने कायद्यातलं कलम 55 पाहा: सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती. महाराष्ट्राने 2017 मध्ये दुकानं आणि आस्थापनांसाठी नवा कायदा केला, त्यातही हाच हिशोब होता. पुढे सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांसाठी हे पाच तास सहा करायला मंजुरी दिली. तेव्हा पोटालाही एक परिपत्रक पाठवून ठेवा.

माझंच सांगतो. डब्यात गवारीची भाजी आणि भाकरी होती. एकची मीटिंग दोनला संपेना, म्हणून माइक बंद करून पहिला घास घेतला, आणि नेमकं तेव्हाच साहेबांनी माझं नाव घेतलं. माइक चालू केला खरा, पण तोंडातून शब्दाऐवजी शेंगदाण्याचा कूट बाहेर पडला. त्यातला थोडा अजून एंटरच्या बटणाखाली आहे, दाबलं की करकरतं. साहेब म्हणाले, "आवाज तुटतोय रे तुझा, नेटवर्क का?" म्हटलं, "हो सर, नेटवर्क."

त्याच मीटिंगमधून शेजारचा पोरगा दोनदा उठून गेला होता. खिशाला हात लावून त्याने साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी मान हलवली, झालं. सुट्टा मारायला जायचं होतं त्याला. मी सहा महिने मेल लिहून मागत असलेला प्रोजेक्ट त्याला दोन कटिंग आणि एका सिगरेटीत टपरीवर मिळाला.

आता गंमत बघा. सिगरेटसाठी सुट्टी द्या असं मी वर सांगितलेल्या दोन्ही कायद्यांत कुठे नाही. उलट 2 ऑक्टोबर 2008 पासून ऑफिसच्या आत ओढायला बंदी आहे, दोनशे रुपयांपर्यंत दंड. आत ओढता येत नाही म्हणून माणसाला बाहेर जावं लागतं, लिफ्टची वाट पाहावी लागते, टपरीपर्यंत चालावं लागतं. म्हणजे ज्या कायद्याने विडीकाडीवर बंदी घातली त्यानेच ओढणाऱ्याचे पाय मोकळे केले. भाकरी मात्र टेबलावर खाता येते, तेव्हा ती टेबलावरच खा.

बाईमाणूस असाल तर हा उपाय चालणार नाही. टपरीवर उभ्या दिसलात तर त्याला ब्रेक म्हणत नाहीत, चर्चा म्हणतात. कॉल सेंटरमध्ये असाल तर बाथरूमची मिनिटंसुद्धा स्क्रीनवर मोजली जातील, तेव्हा पाणी कमी प्या. साडीच्या दुकानात असाल तर उभ्या राहा. केरळने 2018 मध्ये आणि तमिळनाडूने 2021 मध्ये दुकानातल्या नोकरांना बसायला जागा द्या असा कायदा केला. बुड टेकायला विधानसभा लागते, हे ध्यानात असू द्या.

आणि हे सगळं खूळ कुणी काढलं म्हणाल तर आपल्याच मुंबईत. 1884 साली नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. मागणं काय, तर रविवारी सुट्टी आणि दुपारी अर्धा तास. दिवसभर साच्यापाशी उभ्या माणसांना अर्धा तास बसावंसं वाटलं, केवढा हा आळस! रविवार मिळायला 10 जून 1890 उजाडला. त्या रविवारी आता आपण लॅपटॉप उघडून 'फक्त पाच मिनिटं' बसतो. दुपारच्या अर्ध्या तासाचं काय झालं ते वर सांगितलंच.

सरकारी नोकरी असेल तर ही सगळी काळजी सोडा. तिथे जेवण हे अधिकाऱ्याचं नसतं, टेबलाचं असतं. एक ते दोनमध्ये फक्त अर्धा तास, असं परिपत्रक 2019 मध्ये शासनाला काढावं लागलं होतं, यावरून काय ते समजा.

खासगीत असाल तर मी करतो ते करा. एक सिगरेट विकत घ्या, पेटवू नका. माझी गेल्या महिन्यापासून तीच आहे, तंबाखू गळायला लागलाय. ती बोटांत धरून लिफ्टकडे निघालं की कुणी 'कुठे?' म्हणून विचारत नाही. डबा कापडी पिशवीत, पिशवी काखेत. टपरीमागे एक मोडका बाक आहे, तिथे निवांत जेवता येतं.

परवा तिथे साहेब आले. भाकरी हातात होती, ती पटकन पिशवीत टाकली आणि सिगरेट ओठांत धरली. साहेबांनी आपणहून लायटर पुढे केला.