लेटन्सी १२० ठेवली, तरी चित्र का फाटतं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

मंडपातल्या लॅपटॉपवरचं आरतीचं चित्र दुसऱ्या लॅपटॉपवर नेऊन तिथून लाइव्ह करण्याच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत: "गिरगावात दोन उबुंटू लॅपटॉप, एकच वाय-फाय राउटर, मधे जेमतेम वीस मीटर. तुम्ही सांगितलंत तसं एफएफएमपेगने एसआरटी लावलं, दोन्हीकडे लेटन्सी १२०. तरी चित्राचे चौकोन होतात, वर दोन-अडीच सेकंद उशीर. एवढा घोळ कशाला? साधं यूडीपी पुरे."

नवख्यांसाठी: एफएफएमपेग हे व्हिडिओ दाबून पाठवणारं सॉफ्टवेअर. एसआरटी आणि यूडीपी या नेटवर्कवरून तो पाठवायच्या पद्धती; एसआरटी हरवलेलं पॅकेट (डेटाचा तुकडा) परत मागवतं, आणि लेटन्सी म्हणजे त्यासाठी राखलेला वेळ. चौकोनांचा दोष माझ्याकडे. लेखात १२० लिहिलं आणि एकक लिहायचं राहिलं. जीस्ट्रीमर या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हा आकडा मिलिसेकंदांत असतो, एफएफएमपेगमध्ये मायक्रोसेकंदांत. म्हणजे तुमचे १२० आत जाताना हजाराने भागले जाऊन शून्य झाले. हरवलेलं पॅकेट परत मागवायला एसआरटीला वेळच उरला नाही, तेव्हा तुम्ही नावाला एसआरटी आणि प्रत्यक्षात यूडीपीच चालवत होतात! १२०००० लिहा. एका बाजूला चुकून कमी राहिला तरी चालतं, दोन्हींतला मोठा आकडाच लागू होतो. वाय-फायवर मात्र १२० मिलिसेकंदही तोकडे पडू शकतात. आरतीच्या गर्दीत पाच मिनिटं पिंग (पॅकेट जाऊन परत यायला लागणारा वेळ मोजणारी आज्ञा) चालू ठेवा आणि नेहमी दिसणाऱ्या वरच्या आकड्याची चौपट धरा. पिंग ६० मिलिसेकंदांपर्यंत जात असेल तर २४०, म्हणजे एफएफएमपेगमध्ये २४००००.

उशिराचं कारण वेगळं आहे, आणि यूडीपी लावून तो जाणार नाही. व्हिडिओ दाबणाऱ्या एक्स२६४ या एन्कोडरचा प्रीसेट (तयार सेटिंग) सांगितला नाही तर तो मीडियम धरतो, आणि मीडियम पुढच्या ४० फ्रेम बघून मगच एक फ्रेम बाहेर सोडतो. २५ फ्रेमच्या व्हिडिओत हेच १.६ सेकंद झाले. दुसऱ्या लॅपटॉपवर व्हीएलसी प्लेअर असेल तर त्याचं नेटवर्क कॅशिंग (दाखवण्याआधी साठवून ठेवायचा वेळ) मुळातच १००० मिलिसेकंद असतं. झाले की अडीच! पाठवणाऱ्याकडे प्रीसेट व्हेरीफास्ट, ट्यून झीरोलेटन्सी आणि कीफ्रेम (स्वतःत पूर्ण चित्र असलेली फ्रेम) दर ५० फ्रेमला ठेवा. व्हीएलसीत कॅशिंग २०० वर आणा. झीरोलेटन्सीत बी-फ्रेम (मागच्या-पुढच्या फ्रेमवरून बनणाऱ्या, जागा वाचवणाऱ्या फ्रेम) बंद होतात, त्यामुळे तेवढ्याच बिटरेटला चित्र जरा भरड दिसतं. ४ मेगाबिटवर असाल तर ६ करा.

अर्थात हा उशीर काढायलाच हवा का, हेही बघा. यूट्यूबवरच्या माणसाला आरती तशीही काही सेकंद उशिरा दिसते. तिथे आणखी दोन सेकंदांनी कुणाचं काही अडत नाही. उशीर नडतो तो मंडपातच मोठा पडदा लावला असेल तर, किंवा मिक्सरचा आवाज थेट दुसऱ्या लॅपटॉपला जोडला असेल तर. मग टिपरू आधी वाजतं आणि ढोलावर मागाहून पडताना दिसतं. आवाज पहिल्याच लॅपटॉपला द्या. तो चित्राबरोबर एकाच प्रवाहातून येईल आणि जुळवाजुळव टळेल.

आता यूडीपी. केबल टाकलीत तर तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. वीस मीटर कॅट-६ आणि साधा गिगाबिट स्विच असला की एसआरटीची गरज उरत नाही. फक्त पॅकेट साइझ १३१६ लिहा. व्हिडिओ ज्या स्वरूपात जातो त्या ट्रान्सपोर्ट स्ट्रीमचं पॅकेट १८८ बाइटचं असतं आणि सात मिळून १३१६ होतात. एफएफएमपेगचा मूळ आकडा १४७२ आहे. त्याला १८८ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून कडेचं पॅकेट दोन तुकड्यांत विभागलं जातं. घेणाऱ्याकडे 'सर्क्युलर बफर ओव्हररन' असा संदेश आला तर फिफो साइझ (एफएफएमपेगचा आतला साठा) वाढवा. दर कीफ्रेमला मात्र क्षणभर चित्र तुटत असेल, तर लिनक्सचा सॉकेट बफर (आलेली पॅकेटं ठेवायची जागा) अपुरा पडतोय: त्याची आरमेम मॅक्स (rmem_max) ही मर्यादा बहुधा २१२९९२ बाइट असते. ती काही मेगाबाइटपर्यंत न्या आणि एफएफएमपेगलाही बफर साइझ तेवढाच सांगा, नुसती मर्यादा वाढवून पुरत नाही.

वाय-फायवर मात्र यूडीपी नको. मंडपात शेकडो फोन, त्यात चाळीतल्या प्रत्येक खोलीत एक राउटर. पॅकेटं गळणारच, आणि यूडीपी गळलेलं परत मागत नाही.

बदल केल्यावर उशीर अंदाजाने सांगू नका. कॅमेऱ्यासमोर फोनवर स्टॉपवॉच लावा आणि तो फोन व दुसऱ्या लॅपटॉपचा पडदा एकाच फोटोत घ्या. दोन आकड्यांतला फरक इथे लिहा, म्हणजे कुठे अडतंय ते बघता येईल. मूळ लेखातलं एकक दुरुस्त केलं आहे.