पाणी पाळणारा जावई

मामांनी स्पंज धुतला.

हे वाक्य वाचून तुमच्या पोटात खड्डा पडला नसेल, तर तुम्ही सुखी आहात. परवा संध्याकाळी मी ते ऐकलं तेव्हा माझा एक पाय बुटात होता आणि एक बाहेर. बायको कौतुकानं सांगत होती, "मामांनी तुझी माशांची टाकी साफ केली हं. नको नको म्हटलं तरी ऐकेनात. तो फिल्टरमधला स्पंज कसला बरबटला होता! नळाखाली धरून चांगला पिळून पिळून धुतला त्यांनी. बघ जा, नव्यासारखा दिसतोय."

नव्यासारखाच दिसत होता. मी आणला तेव्हा तो अगदी असाच होता. त्याला बरबटवायला मला एकोणतीस दिवस लागले होते.

थोडं मागचं सांगतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी काचेची टाकी मी हौसेनं घरी आणली. तिच्यात साधारण 54 लिटर पाणी मावतं, म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन 54 किलो, हे टेबल कुरकुरल्यावर लक्षात आलं. तळाला मातीचे काळे दाणे, त्यात वॅलिसनेरिया आणि क्रिप्टोकोरीन ही पाण्यातली रोपं, लाकडाला दोऱ्यानं बांधलेले अनुबियास आणि जावा फर्न. डोक्यात ताकाशी अमानो या जपानी माणसानं सजवलेल्या टाक्यांचे फोटो होते. त्याच्या टाकीत पाण्याखाली अख्खं जंगल उभं असायचं. माझ्या टाकीत लाकूड आठवडाभर तरंगत राहिलं, रोपं रोज सकाळी उपटून वर आलेली असायची आणि क्रिप्टोकोरीननं नव्या पाण्याचा निषेध म्हणून आपली सगळी पानं विरघळवून टाकली. (ती तसं करतेच. मुळं शाबूत असतात, पुढे फुटते. पण हे पाहुण्यांना कितीदा सांगणार?)

आणि मासे नव्हते. मासे आणायचेच नव्हते. इथेच लोकांची आणि माझी फारकत होते.

मासा अमोनिया सोडतो, बराचसा कल्ल्यांतून, आणि तोच अमोनिया त्याच्या जिवावर उठतो. नदीत तो वाहून जातो, टाकीत जाणार कुठे? म्हणून टाकीत दोन प्रकारचे जिवाणू नांदावे लागतात. पहिले अमोनियाचं नायट्राइट करतात, जे जवळपास तितकंच विषारी असतं. दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे बऱ्यापैकी निरुपद्रवी आणि झाडांना खत म्हणून चालतं. हे जिवाणू पाण्यात फारसे फिरत नाहीत, ते पृष्ठभागाला चिकटून राहतात. दगडाला, मातीला, आणि सगळ्यात जास्त फिल्टरच्या स्पंजला. ही वसाहत वसायला चार ते सहा आठवडे जातात. तोवर मासे न आणता थेंबथेंब अमोनिया घालून त्यांना पोसायचं. याला म्हणतात टाकी सायकल करणं.

हा शब्द मी घरात उच्चारायला नको होता.

मामा, म्हणजे बायकोचे मामा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आले तेव्हा माझा एकविसावा दिवस होता. बायकोनं त्यांना माझी ख्यालीखुशाली सांगताना म्हटलं, "त्यांची सध्या सायकल चालू आहे." मामा दोन दिवस घरभर सायकल शोधत होते. तिसऱ्या दिवशी गॅलरीत कुणाला तरी फोनवर सांगताना मी ऐकलं, "जावईबापू महिनाभर सायकलवर आहेत. नाही, नाही, घरातच."

मग एका संध्याकाळी ते खुर्ची ओढून टाकीसमोर बसले. एका डोळ्यावर ऑपरेशननंतरचं हिरवं कापड.

"मासे कुठायत?"

"अजून आणले नाहीत."

"मग हे मशीन कुणासाठी चालू आहे?"

"पाणी फिरतं राहायला हवं ना, मामा."

"आणि दिवा?"

"झाडांसाठी. रोज सात तास."

मामांनी झाडांकडे पाहिलं. क्रिप्टोकोरीनचं एक पान नेमकं त्याच क्षणी देठापासून सुटून हळूहळू वर गेलं.

मी खिशातून ड्रॉपर काढला. "काय घालताय?" "अमोनिया." मामा खुर्चीत ताठ झाले. मग मी त्यांना सगळं सांगितलं. जिवाणू, नायट्राइट, नायट्रेट, काहीही न गाळता. मामा आयुष्यभर शिक्षक होते, त्यामुळे ऐकून घेतात. पूर्ण ऐकून घेतात आणि मग तुम्ही काय म्हणालात ते तुम्हालाच म्हणून दाखवतात, आणि तिथेच माणूस मरतो.

"म्हणजे मी बरोबर समजलो का बघा. तुम्ही पाण्यात विष घालता."

"हो."

"ते जंतू खातात आणि त्याचं दुसरं विष करतात."

"हो."

"ते दुसरे जंतू खातात."

"बरोबर."

"आणि हे सगळं सुरळीत चाललं की मग तुम्ही मासे आणणार. म्हणजे पुढे विष मासे करणार."

"अगदी बरोबर, मामा."

मामा जरा वेळ गप्प राहिले. "चाललंय की आत्ताच सुरळीत. मग मधे मासे कशाला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. रात्री अंथरुणावर पडून मी बराच वेळ उत्तर शोधलं. त्याच रात्री त्यांनी आपल्या मोठ्या बहिणीला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, फोन केला आणि हलक्या आवाजात (मामांचा हलका आवाज दोन खोल्यांपलीकडे जातो) सांगितलं, "माणूस चांगला आहे गं. पाणी पाळतो."

पुढे ते माझ्या चाचण्यांनाही बसायला लागले. परीक्षानळीत पाच मिलिलिटर पाणी घ्यायचं, थेंब मोजून टाकायचे, पाच मिनिटं थांबायचं आणि जो रंग येईल तो कार्डावरच्या चौकोनांशी जुळवायचा. अमोनिया नसेल तर पिवळा, असेल तर हिरवा. नायट्राइट नसेल तर आकाशी, असेल तर जांभळा. नायट्रेटची दोन नंबरची बाटली तर तीस सेकंद कचकचून हलवावी लागते, नाहीतर खोटा आकडा येतो. "होमिओपॅथी का?" असं मामांनी विचारलं ते तेव्हाच.

रंग जुळवणं हा प्रकार एकट्यानं करायचा असतो, कारण त्यात माणूस स्वतःशी थोडी लबाडी करू शकतो. मला रोज आकाशी दिसायचं. मामांचं डोळ्यावरचं कापड निघालं आणि ती सोय संपली. मोतीबिंदू झालेलं भिंग पिवळट पडतं, त्यातून निळे-जांभळे रंग मळकट दिसतात. ते काढून नवीन बसवलं की तेच रंग एकदम लख्ख होतात. मामा एक डोळा झाकायचे, मग दुसरा. "या डोळ्यानं मातकट. या डोळ्यानं... अहो जांभळा! अगं इकडे ये, तुझ्या त्या पैठणीचा रंग बघ!" बायको येऊन नळी ट्यूबलाइटखाली धरायची आणि म्हणायची, पैठणी याहून गडद आहे. मग दोघं पैठणीवर बोलायची. नायट्राइट किती, हे राहूनच जायचं.

तरी अठ्ठाविसाव्या दिवशी माझं घोडं जवळजवळ गंगेत न्हालं. आदल्या रात्री 2 पीपीएम (म्हणजे लिटरला 2 मिलिग्रॅम) अमोनिया घातला होता, चोवीस तासांत शून्य. नायट्राइट किंचित शिल्लक. अजून चार-दोन दिवस, आणि दोन्ही शून्य झाले की सायकल पूर्ण.

त्या नव्या डोळ्याला एकोणतिसाव्या दिवशी फिल्टर दिसला.

मी त्यांना विचारलं. शांतपणे विचारलं, निदान सुरुवात तरी शांतपणे केली. मामा प्रसन्न होते. "अहो, काय तो गाळ! तपकिरी, बुळबुळीत. हातात घेववेना. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुतलं. आणि अर्धी टाकी मगानं उपसून नळाचं ताजं पाणी भरलं. साबण मात्र नाही लावला हं. मासे मरतील."

"मासे नाहीत, मामा."

"म्हणून तर आत्ता धुतलं. एकदा मासे आले की कसं धुणार?"

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो तो जंतू मारायलाच. तो आपलं काम चोख करतो, समोरचे जंतू कुणाच्या घरचे हे विचारत नाही. टाकीत घालायचं पाणी मी क्लोरीन मारणारे थेंब टाकून घेतो आणि स्पंज हलवायचाच झाला तर टाकीतल्याच पाण्यात, तोही नुसता बुचकळून. हे सगळं मी मामांना सांगितलं होतं. त्यांनी ते पूर्ण ऐकलं होतं आणि मला म्हणूनही दाखवलं होतं!

आतड्यातला ई. कोलाय हा जिवाणू सगळं मनासारखं असेल तर वीस मिनिटांत दुप्पट होतो. माझ्या या मंडळींना दुप्पट व्हायला एकेक दिवस लागतो. 1890 च्या सुमारास सर्गेई विनोग्राड्स्की या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञानं त्यांना वेगळं काढलं, तेव्हाही ती जिवाणू वाढवायच्या नेहमीच्या जिलेटिनवर वाढेनात, शेवटी सिलिकाचा जेल करावा लागला. असा हा नखरेल कारभार. आणि नशीबही कसलं! टाकीतलं नायट्राइट संपवण्याचं श्रेय कित्येक वर्षं नायट्रोबॅक्टर नावाच्या जिवाणूला मिळत होतं. 1998 साली तपासून पाहिलं, तर काम करत होता नायट्रोस्पायरा. ऑफिसात नोकरी केलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही.

मला राग कशाचा आला ते सांगतो. टाकीचा नाही, टाकी पुन्हा होईल. दगडांवर, मातीत, लाकडावर काही जिवाणू उरले असणारच. राग याचा की ज्या माणसाचा चहाचा कप तीन-तीन दिवस खिडकीत तसाच पडलेला असतो, आणि तो उचलून विसळणारा मी असतो, त्या माणसाला घरात धुवायला नेमका माझा स्पंज सापडला. कप दिसत नाही. बेसिनमधला ताटांचा ढीग दिसत नाही. दुसऱ्यानं जपून ठेवलेली वस्तू तेवढी घाण दिसते. आणि वर आपण ओरडायचं नाही, कारण त्यांनी मदत केलेली असते. "एवढ्या वयाचा माणूस, एका डोळ्यानं, वाकून वाकून करत होता," असं बायको म्हणाली, तेव्हा गुन्हेगार कोण हे ठरूनच गेलं. डॉक्टरांनी वाकू नका म्हणून सांगितलं होतं. म्हणजे उद्या त्यांच्या डोळ्याला काही झालं तर तेही माझ्या जंतूंमुळे.

त्या रात्री मी पुन्हा 2 पीपीएम अमोनिया घातला. काल रात्री नळ्या भरल्या. अमोनियाची हिरवी. चांगली गर्द. नायट्राइटची बघायला मामांच्या नव्या डोळ्याची गरजच नव्हती.

मामांनी दोन्ही नळ्या उजेडात धरल्या. माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग अतिशय सहानुभूतीनं म्हणाले, "म्हणजे पंक्चर झाली म्हणायची."

बायको आत गेली. स्वयंपाकघरातून बराच वेळ खोकल्यासारखा आवाज येत होता.

आज सकाळी मला हाकांनी जाग आली. मामा टाकीच्या काचेला नाक लावून बसले होते. काचेवर मुगाएवढी एक गोगलगाय. रोपांबरोबर अंडी आली असणार. विष, पंक्चर, क्लोरीन सगळं पचवून ती आरामात काच चाटत वर चालली होती. मी वैतागलो, कारण एक दिसली की पन्नास असतात. तसं बघितलं तर 1850 च्या सुमारास रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं टाकीत गोल्डफिश आणि वॅलिसनेरिया ठेवून पाहिलं, तेव्हा कुजकी पानं आणि शेवाळ निस्तरायला त्यालाही शेवटी गोगलगायीच सोडाव्या लागल्या होत्या. पण त्यानं त्या स्वतः सोडल्या. माझ्याकडे आहेर म्हणून आल्या.

"आलं की हो कुणीतरी राहायला!" मामा म्हणाले. त्यांनी तिचे फोटो काढले. सासूबाईंना पाठवले. सासूबाईंचं उत्तर आलं, "छान. जावयांचं अभिनंदन."

उद्या मामा निघतात. आत्ता आत बॅग भरणं चाललंय. खिडकीतला कप मी मघाशीच विसळून ठेवला. दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली आहे, हे त्यांनी जेवताना सांगितलं. मी मनातल्या मनात दिवस मोजले. चौतीस.

"आणि जावईबापू," ते आतून ओरडून म्हणाले, "तोवर त्या स्पंजला हात लावत बसू नका हं. मी आलो की धुतो."