किनाऱ्यावरचे कुरव उपाशी नाहीत, शेवेची पिशवी घरीच ठेवा

डिसेंबर लागला की हा मेसेज परत फिरायला लागतो. यंदा मला तीन दिवसांत सात जणांनी पाठवला, त्यात एक माझी मावशी आणि एक दापोलीतला शाळेतला मित्र, दोघंही मनापासून पाठवणारी माणसं, म्हणून नुसतं 'फेक आहे' टाकून गप्प बसणं बरं वाटलं नाही, नीट लिहितोय.

ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी मेसेज थोडक्यात असा: सायबेरियातली थंडी सहन होत नाही म्हणून हजारो किलोमीटर उडून सीगल कोकणात आलेत, ते उपाशी आहेत, दमून एका पायावर उभे राहतात, समुद्राचं पाणी खारट म्हणून तहानलेले आहेत, तर त्यांना शेव, गाठी, पाव घाला, गोड्या पाण्याची भांडी ठेवा, ते इथे अंडी घालायला आलेत, टाळी वाजवलीत की हजारोंचा थवा एकदम उठतो तो नजारा मुलांना दाखवा, आणि कुठे दिसले ते लोकेशन सगळ्या ग्रुपवर टाका.

सायबेरियापासून सुरू करू. हर्णै, आंजर्ले, मुरुड, कर्दे या आपल्या पट्ट्यात हिवाळ्यात जे पांढरे कुरव दिसतात (सीगलला मराठीत कुरव हा छान शब्द आहे, तो वापरा की) त्यात भरपूर असतात ते तपकिरी डोक्याचे कुरव. त्यांची वीण तिबेट, मध्य आशिया आणि आपल्या लडाखमधल्या तळ्यांवर होते. त्सो मोरिरी तलाव साडेचार हजार मीटर उंचीवर आहे, तिथे उन्हाळ्यात हे अंडी घालतात. म्हणजे तुमच्या समोर बसलेला कुरव कदाचित भारतातच जन्मलेला असेल, त्याला परदेशी पाहुणा कशाला करायचं? आता कोणी म्हणेल डोकं तर पांढरं दिसतंय, तपकिरी कुठाय? हिवाळ्यात डोकं पांढरंच असतं, डोळ्याच्या मागे फक्त एक काळपट ठिपका राहतो. मार्चमध्ये बघा, तपकिरी टोपी चढायला लागलेली असते. रशियाच्या पार उत्तरेकडून येणारे पक्षीही आपल्याकडे आहेत, गडद पाठीचे मोठे कुरव तिथलेच, पण म्हणून सगळेच सायबेरियन होत नाहीत. ठाण्याच्या खाडीतल्या फ्लेमिंगोंनाही लोक सायबेरियन म्हणतात, त्यातले बरेचसे गुजरातेतून येतात, कच्छच्या रणात त्यांची वीण होते. मला वाटतं हा शब्द भरतपूरच्या सायबेरियन क्रौंचामुळे आपल्या तोंडात बसला. तो क्रौंच २००२ नंतर तिथे आलेलाच नाही, शब्द मात्र अजून फिरतोय.

थंडी सहन होत नाही म्हणून येतात, हे ऐकायला पटतं. पण मग मला सांगा, नारळी पौर्णिमेच्या सुमारास, धड पाऊसही थांबलेला नसतो तेव्हा आंजर्ल्याच्या खाडीकाठी शेपटी वरखाली करत फिरणारा तुतवार कुठल्या थंडीला घाबरून आला? ऑगस्टमध्ये त्याच्या गावी अजून उन्हाळाच चालू असतो. पिल्लं वाढवून झाली, तिकडचे किडे कमी व्हायला लागणार, दिवस लहान होणार, पुढे चिखल आणि तळी गोठली की चोच घालायला जागा उरणार नाही, म्हणून हे पक्षी निघतात. कारण अन्न आहे. आणि ज्या अन्नासाठी एवढं अंतर कापून ते आपल्याकडे आले ते आपल्याकडे आहेच, तरी आपण त्यांच्यापुढे बेसनाची शेव टाकायची?

या उपासमारीच्या मुद्द्यावर मला जास्त बोलायचंय. ओहोटीच्या वेळी पाणी मागे सरलं की ओल्या वाळूकडे जरा वाकून बघा. बारीक बारीक गोळ्यांची नक्षी पसरलेली असते, मुलं ती पायाने मोडतात. त्या गोळ्या इवल्याशा खेकड्यांनी केलेल्या असतात, वाळू तोंडातून काढून त्यातलं खाण्यासारखं घेतात आणि उरलेली गोळी बाजूला टाकतात. वाळूच्या आत अळ्यांसारखे लांब किडे, मुळे आणि इतर बारीक शिंपले. मागच्या जानेवारीत मी खाडीच्या मुखाशी एका चिखल्याकडे दुर्बिणीतून अर्धा तास बघत बसलो होतो, चिमणीपेक्षा थोडा मोठा पक्षी, चार पावलं धावणार, थबकणार, मान वाकडी करणार, परत चार पावलं, आणि एकदम चोच खुपसून एक किडा पकडला, किडा रबरासारखा ताणला गेला, पक्ष्याने ओढणं थांबवलं, जरा सैल सोडलं, परत हळूच ओढलं आणि न तोडता अख्खा बाहेर काढला. पाच मिनिटांत असे सहा किडे मी मोजले. हा पक्षी उपाशी आहे असं मला कोणी सांगू नये.

कुरवांचं तर विचारूच नका. हर्णै बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव असतो तिथे जाऊन या, होड्यांभोवती घिरट्या, टाकलेल्या बारीक मासळीवर झडप. गुहागर-मालवणकडे रापण ओढत असतील तर जाळं काठाला यायच्या आधी कुरव हजर. गेटवे-मांडवा लाँचमागे जे कुरव येतात त्यांना लोक वर्षानुवर्षं गाठी आणि कुरकुरे टाकताहेत, म्हणून ते येतात. बघायला भारी वाटतं, हातातून उचलतात, रील बनते. पण तळलेल्या बेसनाने पोट भरतं आणि माशातून मिळणारं काहीच मिळत नाही. मार्च-एप्रिलमध्ये त्याला हिमालय ओलांडायचाय, त्याआधी अंगात चरबी साठवायची असते, आणि ती उडायच्या कामाची हवी.

आणि शेव फक्त कुरव खातो का? तुम्ही टाकलेल्या मूठभर शेवेतली निम्मी वाळूत पडते, मग कावळे येतात, मग कुत्री. एकदा कुत्र्यांना किनाऱ्याची सवय लागली की ती जात नाहीत. नोव्हेंबर ते मार्च हाच वेळास, आंजर्ले, गुहागरकडे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येण्याचा काळ, आणि त्या घरट्यांना उकरणाऱ्यांत कुत्री असतातच. कासवमित्र रात्र रात्र किनाऱ्यावर गस्त घालतात, अंडी हॅचरीत, म्हणजे कुंपण घातलेल्या सुरक्षित जागेत, हलवतात, आणि दिवसा आपण त्याच वाळूवर कुत्र्यांना आमंत्रण देतो. शेव टाकणाऱ्याच्या मनात हे नसतं हे मला माहितीये. मावशीच्या मनात भूतदया आहे आणि तिचा मला आदर आहे. म्हणूनच तिला सांगितलं, मावशी, गच्चीवर पाणी ठेव, बुलबुल आणि दयाळ येतील, किनाऱ्यावर काही नेऊ नकोस.

पाण्यावरून आठवलं, खारट पाण्याचा मुद्दा. कुरवाच्या डोळ्यांच्या वर मिठाच्या ग्रंथी असतात. समुद्राचं पाणी प्यायल्यावर रक्तातलं जास्तीचं मीठ या ग्रंथी गोळा करतात आणि ते खारट पाणी नाकपुड्यांतून चोचीच्या टोकाशी येतं. शांत बसलेल्या कुरवाकडे बघत राहा, चोचीच्या टोकाला एक थेंब जमतो आणि मान झटकून तो उडवतो. लोकांना वाटतं सर्दी झालीय. किनाऱ्यावर प्लास्टिकची भांडी ठेवून काहीच साधत नाही, भरतीला ती वाहून जातात आणि कचरा वाढतो तेवढाच.

'दमून एका पायावर उभे राहतात' या वाक्याने तर माझ्या डोळ्यांदेखत त्रास झालाय. कर्द्याला एक कुटुंब आलेलं, वडील आणि दोन मुलं, आणि त्यांनी सँडरलिंगच्या एका घोळक्यातला एक पक्षी निवडला, कारण तो लंगडत होता. हे लाटेच्या मागेपुढे खेळण्यातल्या चावीच्या बाहुल्यासारखे पळणारे पांढुरके पक्षी, वजन पन्नास-साठ ग्रॅम, वीण आर्क्टिकच्या कडेला. त्या माणसाने टॉवेल घेतला होता, पकडून डॉक्टरकडे न्यायचं म्हणून. मी जाऊन म्हटलं, दादा, दोन मिनिटं थांबा, लांबूनच बघा. पक्षी एका पायावर उड्या मारत तीन-चार फूट सरकला, मग आम्ही मागे झालो तसा थांबला, आणि पिसांतून दुसरा पाय काढून धावत निघून गेला. अगदी धडधाकट. विश्रांती घेताना पाय पिसांत ओढून घेतला की उष्णता वाचते, आणि थोडंसंच सरकायचं असेल तर दुसरा पाय बाहेर काढायचा कंटाळा केल्यासारखे ते तसेच उड्या मारतात. त्या धाकट्या मुलीला इतकं आवडलं की ती पुढचा तासभर एक-पायवाले मोजत बसली. खरोखर जखमी पक्षी सापडला, जाळ्यात अडकलेला किंवा पंख लोंबणारा, तर वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे, तिथे फोन करा, घरी नेऊन दूध-पाव देत बसू नका.

अंडी घालण्याबद्दल थोडक्यात. हिवाळ्यात आलेले कुरव आणि चिखले इथे अंडी घालत नाहीत, ते काम उत्तरेला परत गेल्यावर. इथे वीण करणारे वेगळे: वेंगुर्ल्याच्या समोरच्या खडकांवर वीण करणारे सुरय (इंग्रजीत टर्न), माळावरची टिटवी, आणि आपला समुद्री गरुड, जो हिवाळ्यातच किनाऱ्याजवळच्या उंच झाडावर घरटं धरतो आणि वर्षानुवर्षं त्याच घरट्यात काड्यांची भर घालत राहतो. सगळ्यांना एकाच माळेत ओवलं की नेमकं जपायचं कोणाला तेच कळेनासं होतं.

आता टाळी वाजवून थवा उडवायचा सल्ला. संपूर्ण मेसेजमध्ये सगळ्यात वाईट ओळ ही आहे आणि नेमकी हीच लोक लगेच अमलात आणतात. या पक्ष्यांचं घड्याळ सूर्यावर कमी आणि पाण्यावर जास्त चालतं. वाळू उघडी पडली की खायचं, भरती आली की वरच्या कोरड्या पट्ट्यात घोळक्याने उभं राहून झोपायचं, पुढच्या ओहोटीपर्यंत. म्हणजे दिवसाउजेडी खायला मिळतात पाच-सहा तास, त्यात रविवारी सकाळी तीन जीपगाड्या, घोडागाडी, ड्रोन आणि टाळ्या वाजवणारी पोरं. प्रत्येक उड्डाणाला ताकद लागते. एकदा उडवलं तर ठीक, पंधरा मिनिटांनी उतरले, परत उडवले, परत, असं दुपारपर्यंत चाललं की त्या पक्ष्याने खाल्लं किती आणि जाळलं किती? आणि भरतीच्या वेळी झोपलेल्यांना उठवणं तर आणखी वाईट, कारण तेव्हा जायला दुसरी वाळूच शिल्लक नसते, सगळी पाण्याखाली. उपाशी पक्षी बघायचाच असेल तर तो असा तयार होतो, आपल्या हाताने.

थवा उडताना बघायचाय ना? मलाही आवडतं. मग बसून राहा. तासाभरात एखादी घार नाहीतर ससाणा फिरकतोच आणि आख्खा थवा उठतो, एका बाजूला वळला की पांढरा, दुसरीकडे वळला की दिसेनासा, आणि ते बघताना अंगावर काटा येतो.

लोकेशनचं म्हणाल तर सरसकट नाही म्हणत नाही. जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना असते, तिथे नोंदी द्याव्यात, कुठल्या किनाऱ्यावर किती चिखले दिसले हे लिहिलं तर उपयोग होतो. पण समुद्री गरुडाच्या घरट्याचं झाड, घुबडाची ढोली, कासवाची जागा, यांची पिन ग्रुपवर टाकू नका. आमच्याकडे एका घरट्याची पिन फिरली आणि पुढच्या दोन रविवारी झाडाखाली गाड्याच गाड्या, एकाने फोटोसाठी फांद्या तोडायला माणूस आणला होता. त्या मोसमात ती जोडी घरट्यावर परत बसलेली मला दिसली नाही.

जायचं कधी हे मात्र सगळ्यांना सांगतो, ही माहिती खुशाल फॉरवर्ड करा. आपले मच्छीमार तिथीची पाऊणपट करतात, तोच हिशेब. आज चतुर्थी तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाला. द्वादशीला नऊला, मग सकाळी दहा-साडेदहापासून वाळू उघडायला लागते आणि पक्षी पाण्याच्या कडेने खाली सरकत जातात. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, दुपारी भरती, पहाटे आणि संध्याकाळी लांबच लांब वाळू. सूर्य पाठीमागे येईल असं बसा, भडक कपडे नकोत, आणि पक्षी खायचे थांबून मान उंच करून तुमच्याकडे बघायला लागले की तिथेच थांबा, पुढे एक पाऊलही नको.

येत्या द्वादशीला मी सकाळी साडेनऊपासून आंजर्ल्याच्या खाडीच्या मुखाशी असेन, सुरूच्या बाजूला. दुर्बीण एक जास्तीची आहे. मावशी येतेय.