फ्लॅटमध्ये बसून बर्फ कळतो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

हिमस्खलनावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही बरंच काही लिहिलंत. सुरुवातच अशी: "दादरच्या फ्लॅटमध्ये पंख्याखाली बसून बर्फ कळत नाही. दोन दिवस ऊन पडलं की वाट सेफ, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल." हे मला लागलं, आणि लागलं नाही असं मी म्हणणार नाही.

मी दादरला राहतो. म्हणून बर्फावर लिहू नये? डिसेंबर-जानेवारीत उत्तराखंडातल्या सांक्री गावाला जाऊन या. तिथून निघणाऱ्या केदारकंठा ट्रेकच्या वाटेवर तंबूतंबूंतून मराठी कानावर येतं. ठाण्या-डोंबिवलीची मुलं रात्रभर रेल्वेने दिल्ली गाठतात, तिथून डेहराडून, मग दिवसभर जीपमध्ये. अनेकांनी तोवर बर्फ पाहिलेलाही नसतो. सह्याद्रीने त्यांना कातळ शिकवलेला असतो, घसारा शिकवलेला असतो, पावसाळी ओढा कधी ओलांडू नये हेही. बर्फाच्या उतारावर काय बघायचं, हे कोणी सांगितलेलं नसतं. त्यांच्यासाठी मुंबईतल्या माणसाने मराठीत लिहायचं नाही, तर कोणी लिहायचं?

आणि मी पंख्याखाली बसून शिकलेलो नाही. उत्तराखंडातल्या एका संस्थेत गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केला, पुढे ॲडव्हान्सही. तिथे उस्तादांनी आमच्याकडून बर्फात छातीइतका खड्डा खणून घेतला होता. वरचा थर घट्ट, त्यावर उभं राहिलं तरी पाय रुतत नव्हता. तळाशी हात घातला, तर जाड साखरेसारखे सुटे दाणे भसाभसा ओघळले. हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फाचा थर पातळ असतो, जमीन त्यामानाने उबदार आणि निरभ्र रात्री कडाक्याच्या. या तफावतीतून असे दाणे तयार होतात आणि ते एकमेकांना धरत नाहीत. वरून ताजा बर्फ पडून त्याची सलग लादी झाली, की सगळं वजन या दाण्यांवर. दोन दिवसांच्या उन्हाने ते जुळत नाहीत. कमकुवत थर कित्येक आठवडे तसाच राहू शकतो. उलट ऊन चढलं की वरचा थर सैल होतो. वाऱ्याचं तर तुम्ही नावच घेतलं नाहीत. नवा बर्फ अजिबात न पडताही वारा डोंगरधारेच्या एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला रचतो. आकाश निळंशार, आणि ३० ते ४५ अंशांचा उतार माणसाच्या वजनाने सुटायला तयार. डोंगरात फिरायला जाऊन हिमस्खलनात सापडणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत ते सुरू होतं त्यांच्या स्वतःच्या किंवा सोबत्याच्या पावलानेच. हे समजून न घेता "सेफ" म्हणून मोकळं होणं मला बेजबाबदार वाटतं. तुम्हाला वाईट वाटलं तरी चालेल.

"तिथल्यांना सगळं कळतं" म्हणता. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडा-२ शिखरावर काय झालं? उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी हिमस्खलनात सापडली, २७ मृतदेह हाती लागले. त्यात प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या, उत्तरकाशीच्याच. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी एव्हरेस्ट आणि मकालू ही शिखरं १६ दिवसांत सर केली होती. त्यांच्याहून जास्त अनुभव असलेलं कोणतं पोर तुमच्या ओळखीचं आहे?

एक गोष्ट मान्य. बीकन (गाडल्या गेलेल्याचा माग लावणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाला परवडत नाही, हा तुमचा मुद्दा रास्त आहे. पण गाडला गेलेला माणूस पहिल्या पंधराएक मिनिटांत बाहेर निघाला तर वाचण्याची शक्यता खूप असते, त्यानंतर ती झपाट्याने घसरते. खालच्या गावातून मदत तेवढ्यात पोचत नाही. काढायचं ते सोबतच्यांनीच. म्हणून पैसे भरण्याआधी आयोजकाला विचारा की बॅचमध्ये हे सामान कोणाकोणाकडे असेल, आणि ते वापरायचा सराव कोणी केलाय. एवढं विचारण्याला तुम्ही "घाबरवणं" म्हणत असाल, तर मी घाबरवत राहणार.

फोटोंबद्दल आणि माझ्या "इंग्रजाळलेल्या" मराठीबद्दल लिहिलंत, त्यावर वेळ घालवत नाही. तुमची प्रतिक्रिया जशीच्या तशी ठेवली आहे. बर्फाबद्दल काही विचारायचं असेल तर जरूर विचारा, वेळ काढून उत्तर देईन. मी कुठे राहतो यावरून पुन्हा लिहिलंत, तर मात्र ते छापणार नाही.