ऑफिसर व्हायचंय ना? मग फॉर्म शेवटच्या रात्रीच भरा

भावांनो (आणि 2022 पासून खडकवासल्याच्या एनडीएत, म्हणजे बारावीनंतर सैन्यदलांचे ऑफिसर घडवणाऱ्या अकादमीत, मुलींचीही बॅच सुरू झालीये म्हणून बहिणींनो), एनडीएचा फॉर्म निघाला की पहिलं काम म्हणजे फॉर्म भरायचा नाही. आधी डीपी बदलायचा. मग स्टेटसला कोणत्यातरी कमांडोचा धुरातून चालत येणारा व्हिडिओ टाकायचा, गावात चार जणांना सांगायचं की यंदा फिक्स आहे, आणि फॉर्म भरायला शेवटच्या संध्याकाळी बसायचं, म्हणजे साईट गोल गोल फिरते तेव्हा 'आपल्या देशात सिस्टीमच बेकार' असं मोठ्याने म्हणता येतं.

जन्मतारीख दहावीच्या सर्टिफिकेटवरची धरतात, पण तुमची आधारवर वेगळीच असेल तर टेन्शन नाय, मनाला येईल ती टाका. फी 100 रुपये आहे, मुलींना तीही नाही, त्यामुळे चुकलं तरी जातंय काय आपलं! पसंतीक्रमात आर्मी, नेव्ही, एअर फोर्स असं विचारतील तिथे डोळे मिटून एअर फोर्स एक नंबरला. बारावी आर्ट्समधून केलीये आणि फिजिक्स-मॅथ्सशिवाय फक्त आर्मीच मिळते वगैरे किरकोळ गोष्टी सूचनांमध्ये असतात, आणि सूचना काय वाचायच्या असतात होय.

मधल्या काळात मानेवर राजमुद्रेचा मस्त टॅटू काढून घ्या. कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूला नाहीतर तळहाताच्या मागे, एवढाच टॅटू चालतो असा नियम आहे म्हणे, पण महाराजांची मुद्रा बघून मेडिकलचे डॉक्टर उठून उभेच राहतील.

लेखीत मॅथ्स 300 आणि जीएटी (इंग्रजी आणि जनरल नॉलेज) 600, असे 900 मार्क. चुकलेल्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक तृतीयांश मार्क कापतात, म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही, ठोकत सुटायचं, जिगर दिसते त्यात. उरलेले 900 एसएसबीचे (लेखी पास झालेल्यांची पाच दिवसांची मुलाखत आणि चाचण्या), म्हणजे निम्मे. तिथे नुसती पर्सनॅलिटी बघतात आणि ती तर आपल्याकडे लहानपणापासून आहे, काकू नेहमी म्हणते.

तरी रिस्क नको म्हणून क्लास लावा. क्लासमध्ये एक गोष्ट पाठ करून घेतात: राहुल नावाचा तरुण इंजिनीअर गावात येतो, गावाला पूर येतो, राहुल गावकऱ्यांना एकत्र करतो, पूर ओसरतो. एसएसबीत सुरुवातीच्या चाळणीला, म्हणजे स्क्रीनिंगला, 30 सेकंद धूसर चित्र दाखवतात आणि 4 मिनिटांत गोष्ट लिहायला लावतात. चित्रात म्हातारी चुलीपुढे का बसलेली असेना, पूर आणायचाच. आमच्या ग्रुपमध्ये पाच राहुल होते. नंतर चर्चेत सगळे एकदम ओरडत होते की माझा राहुल खरा, शनिवारची भाजी मंडई बरी.

आता मेन गोष्ट, पीआयक्यू. हा तिथे गेल्यावर भरायचा फॉर्म, घरचं, शाळेचं, खेळाचं, छंदांचं सगळं विचारतात, राहता त्या गावाची लोकसंख्या सुद्धा. अंदाजे लिहा. मी लिहिली दोन लाख. आमच्या गावात एसटी दिवसातून तीनदा येते. छंदात 'वाचन, ट्रेकिंग, समाजसेवा' लिहायचं, सगळेच लिहितात म्हणजे बरोबरच असणार. आणि लिहिलं की विसरून जायचं, कारण तोच कागद समोर ठेवून साहेब इंटरव्ह्यू घेतात हे कोणाच्या डोक्यात येतंय.

साहेबांनी मला हसत विचारलं, शेवटचा ट्रेक कुठला? मी म्हटलं, सर, सिंहगड. वर जायला किती वेळ लागला? मी म्हटलं, सर, ते ट्रॅफिकवर आहे. साहेब पेन खाली ठेवून म्हणाले, बरं, मग वर काय बघितलंस? खोटं कशाला बोलायचं, क्लासच्या सरांनीच सांगितलेलं प्रामाणिक राहा, म्हणून पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही यावर मी सलग तीन मिनिटं बोललो, आणि देवाशप्पथ सांगतो, पाच दिवसांत मी फक्त तेवढाच वेळ न अडखळता बोललो. साहेबांनी दह्याचा रेटही विचारला. तानाजीचं नाव आमच्या दोघांत शेवटपर्यंत निघालं नाही.

पाचव्या दिवशी कॉन्फरन्स, म्हणजे सगळ्या साहेबांसमोरची शेवटची भेट झाली, मग सगळ्यांना बसवून निवडलेल्यांचे चेस्ट नंबर (छातीवर लावलेले नंबर) वाचले. माझा 17 होता. त्यांनी 9 वाचला, 14 वाचला, मग एकदम 22. मी हात वर करून विचारणार होतो की मधलं पान राहिलं का, पण शेजारचा म्हणाला, बस खाली.

असो. आता वय गेलं एनडीएचं, ग्रॅज्युएशन चालू आहे, म्हणून सीडीएस देतोय, ग्रॅज्युएशनवाल्यांसाठीची ऑफिसर व्हायची परीक्षा. फॉर्म निघालाय परवाच. शेवटची तारीख लांब आहे अजून, डीपी तेवढा बदललाय.